खाऱ्या जमिनीचे बांध व सरकारी साहाय्य

जुन्या दप्तरांचा शोध करणाऱ्या आमच्या मित्रांस एक खोड आहे, आणि ती आमच्याही अंगीं पुष्कळ वर्षें होती, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. रुमाल सोडला कीं दृष्टि आधीं शिक्क्याकडे जाते. सनद, महजर, निवाडपत्र, वंशावळ असें कांहीं निघालें म्हणजे तें आदरानें बाजूस काढावयाचें. आणि ज्यांवर शिक्का नाहीं, मोर्तब नाहीं, नुसते मण-पायलीचे आंकडे व मजुरांचीं नांवें आहेत, ते कागद पुन्हां गुंडाळून ठेवावयाचे. पुष्कळदां ते ठेवलेही जात नाहींत. कोंकणांतील एका घरीं आम्ही गेलों असतां यजमानांनीं आपल्या सनदा मोठ्या प्रेमानें दाखविल्या. बाकीचा गठ्ठा कोठें आहे असें विचारतां, ‘तो बांधाचा खर्च होता, त्यांत कांहीं नव्हतें,’ असें उत्तर मिळालें. गठ्ठा रद्दींत गेला होता. प्रस्तुत लेख त्या गठ्ठ्याविषयीं आहे.

कोंकणपट्टींत भरतीचें पाणी खाड्यांच्या वाटेनें दूरवर आंत शिरतें. त्या पाण्याखालीं जाणाऱ्या सखल जमिनीस खार अथवा खाजण म्हणतात. अशा जमिनीच्या तोंडाशीं माती-दगडांचा बांध घालावा लागतो. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, ह्या बाहेरच्या बांधास बाहेरकाठा म्हणतात. त्यांत एक उघाडी ठेविलेली असते. ओहोटीच्या वेळीं आंतील पावसाचें पाणी तींतून बाहेर पडतें. भरती आली कीं पाण्याच्याच दाबानें झडप मिटते व खारें पाणी बाहेर राहतें. कांहीं पावसाळ्यांनीं मिठाचा अंश धुवून गेला म्हणजे तेथें मोड आलेलें बीं चिखलांत फेंकून भात पिकवितां येतें. हें सर्व ऐकण्यास सोपें आहे. परंतु समुद्र दिवसांतून दोनदां बांधास भिडतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास तर माथ्यापर्यंत चढतो. खेंकड्यानें पाडलेल्या एका बिळांतून पाझर सुरू होतो व त्याची खांड होते. ती खांड दोन उधाणें तशीच राहिली तर मुठीनें बुजली असती ती पुढें शेंकडों टोपल्यांनींही बुजत नाहीं, आणि आंतील पीक तर जातेंच, पण पुढल्या कांहीं वर्षांचीं पिकेंही जातात. आम्ही शाळेंत शिकवीत होतों तेव्हां खारेपाटांतील मुलें कधीं कधीं एकदम चारसहा दिवस येत नसत. कारण विचारावें तों ‘खांड गेली’ एवढेंच उत्तर मिळे, कारण घरटी एक माणूस बांधावर गेलेलें असावयाचें.

घाटावरची विहीर एकदां नीट बांधली म्हणजे तिला बरीच वर्षें फारसें पाहावें लागत नाहीं. खारबांधाचें तसें नाहीं. तो दर वर्षीं थोडाथोडा नव्यानें बांधावा लागतो. सरकारांनीं शेतकऱ्यास जमीन राखण्यासाठीं जें साहाय्य दिलें, त्याचा विचार करितांना हा भेद सतत ध्यानीं ठेविला पाहिजे. बांध घालण्यास दिलेलें साहाय्य एक आणि बांध राखण्यास दिलेलें साहाय्य दुसरें. पहिल्याचे लेख पुष्कळ राहिले आहेत. दुसऱ्याचे बहुतेक नष्ट झाले, आणि त्यामुळें हें दुसरें साहाय्य मुळीं नव्हतेंच असा समज होऊं लागला आहे. तो आम्हांस चुकीचा वाटतो.

आरंभ ताम्रपटापासून करूं. गोमंतकांत फोंडें महालांतील बांदिवडें येथें मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा एक संस्कृत ताम्रपट सांपडलेला आहे. त्याचा काल सामान्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा धरितात. कुमारद्वीपाहून राजा आज्ञा करितो कीं, द्वादशदेशांतील एक हल खज्जन भूमि हारीत गोत्राच्या, सामवेद जाणणाऱ्या हस्त्यार्य नांवाच्या ब्राह्मणास करमुक्त दिली आहे. त्यानें आपल्या चार प्रेष्यकुलांकडून तेथील रान तोडवावें, समुद्राचें पाणी अडविण्यास बांध घालावा व तेथें शेत करावें. ‘खज्जन’ हा शब्द वाचतांच कोंकणच्या वाचकाच्या मुखीं खाजण शब्द आल्यावांचून राहणार नाहीं. इतक्या शतकांत त्या शब्दाची फारशी झीज झाली नाहीं, कारण ती वस्तुही तशीच राहिली.

हा लेख ब्रह्मदेयांच्या मालिकेंत एक दान म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो करार म्हणून वाचावा. राजानें जी जमीन दिली ती अद्यापि शेत झालेली नव्हती. जो कर सोडला तो त्या दिवशीं कोणाकडूनही येत नव्हता. म्हणजे राजाच्या पदरचें तत्काल कांहीं गेलें नाहीं. उलट हस्त्यार्यास माणसें पोसावीं लागलीं, रान तोडवावें लागलें व समुद्राशीं झगडावें लागलें. पुण्याचा भाग राजाकडे आणि श्रमाचा चार प्रेष्यकुलांकडे अशी ती वांटणी आहे, आणि त्या कुलांतील एकाचेंही नांव तांब्यावर नाहीं. दहाव्या वर्षीं बांध फुटला तर तो कोणीं बांधावा, ह्याविषयीं ताम्रपट मुका आहे.

तो मुका असला तरी शास्त्र मुकें नव्हतें. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत १९०५ सालीं आर. शामशास्त्री यांच्या हातीं लागली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला, ही कथा संग्राहकांस सांगावयास नको. तशी पोथी आपल्या हातीं लागावी असें कोणास वाटत नाहीं! त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणांतील नवव्या अध्यायांत तलाव व सेतु यांच्या करमाफीचें प्रमाण दिलेलें आहे. नवा घातल्यास पांच वर्षें, मोडून टाकून दिलेला पुन्हां उभारल्यास चार वर्षें, झाडझाडोऱ्यानें भरलेला साफ केल्यास तीन वर्षें, कोरडी जमीन लागवडीस आणल्यास दोन वर्षें. येथें सेतु म्हणजे मुख्यतः गोड्या पाण्याचा बांध हें खरें. परंतु दुरुस्तीस नव्या कामाच्या खालोखाल मान दिला आहे ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पुढल्या काळच्या कित्येक सरकारांस हें सुचलें नाहीं. त्याच ठिकाणीं असेंही सांगितलें आहे कीं, पांच वर्षें ज्याचें काम बंद पडलें त्या सेतूवरील स्वाम्य, आपत्तीचा प्रसंग सोडल्यास, नष्ट होतें. ज्यानें राखलें त्याचें, असा हा न्याय आहे.

दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत नव्या वसाहतीच्या शेतकऱ्यास धान्य, जनावरें व द्रव्य द्यावें, तें त्यानें पुढें सुखानें फेडावें, आणि अनुग्रह व परिहार हे कोशाची वृद्धि होईल असेच द्यावे असें म्हटलें आहे. अनुग्रह म्हणजे पदरचें देणें. परिहार म्हणजे येणें सोडणें. मराठी दप्तरांत ज्यांस तगाई व माफी म्हणतात त्यांच्याशीं ह्या दोन शब्दांचें साम्य स्पष्ट आहे. मराठी राजवटीनें अर्थशास्त्र वाचून हें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. ‘तगाई’ हा शब्दही आरबी ‘तकावी’पासून, बळ देणें ह्या अर्थानें, आलेला आहे. अडचण सारखी आली कीं उपायही सारखा सुचतो, एवढेंच म्हणणें पुरे.

तगाईचा विचार करितांना ज्या एका पत्राकडे पुनःपुन्हां जावें लागतें तें शिवछत्रपतींनीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास ५ सप्टेंबर १६७६ रोजीं लिहिलेलें होय. पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे, पण तें बहुधा राजनीतीचा नमुना म्हणून उद्धृत होतें. साहाय्याच्या कारभाराचा नमुना म्हणून तें फारसें तपासलें जात नाहीं. महाराज सुभेदारास सांगतात कीं, गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, कोणापाशीं माणूसबळ आहे आणि बैल व दाणा नाहीं हें पाहावें. अशास दोनचार बैलांकरितां पैका द्यावा, पोटास खंडी दोन खंडी दाणा द्यावा, आणि त्याच्यानें करवेल तितकें शेत त्याच्याकडून करवावें. हा पैका वाढीदिढीवांचून, नुसतें मुद्दल, त्याची शक्ति येईल तसतसा हळूहळू उगवावा. ह्या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची मुभा सुभेदारास दिलेली आहे. (लारी म्हणजे चांदीच्या तारेचें दुमडलेलें नाणें, इराणांतील लार शहरावरून हें नांव पडलें व आदिलशाहींत दाभोळास तीं पाडलीं जात. नाण्यांच्या संग्राहकांनीं हें पत्र संग्रहाशेजारीं ठेवून वाचावें.)

ह्यांत तीन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. साहाय्य जमिनीच्या मालकीवर नसून राबणाऱ्या हातावर ठरलें आहे. अर्ज घेऊन कुणब्यानें सुभ्याकडे यावयाचें नसून सुभेदारानें गांवीं जावयाचें आहे. आणि फेडीची मुदत पंचांगांत बांधलेली नाहीं. ती कुळाच्या ऐपतीवर सोडली आहे. सभासदानें आपल्या बखरींत नव्या रयतेस गुरें व बीं देऊन तो ऐवज दोनचार वर्षांनीं उगवून घेण्याची जी रीत वर्णिली आहे, ती ह्या पत्राशीं जुळते. बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. पत्र प्रत्यक्ष कारभारांतलें आहे. दोहोंचा मेळ बसतो तेव्हां बखरीवर सरसकट अविश्वास दाखविणारांनीं क्षणभर थांबावें.

पेशवाईंत परिहाराची बाजू अधिक ठळक झाली. पड जमिनीस इस्ताव्याचा कौल देत, म्हणजे पहिल्या सालीं नाममात्र धारा, पुढें सालोसाल चढ, आणि अखेरीस पुरा आकार. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत खडकाळ जागेवर माती घालून ती लागवडीस आणणारास त्यांतील निम्मी जमीन इनाम, उरलेली निम्मी वीस वर्षें माफ व त्यापुढें पांच वर्षें कमी धाऱ्यानें, अशी सवलत दिल्याचें आढळतें. ह्यावरून जमीन नव्यानें करणें हें काम किती वर्षांचें आहे ह्याची दरबारास अटकळ होती असें दिसतें.

इंग्रज सरकारनें ह्याच रीतीस लीज हें नांव दिलें. १८८३ च्या कुलाबा ग्याझेटियरांत खारी जमीन काढणारांस देण्याच्या पट्ट्याच्या अटी आहेत. पहिलीं दहा वर्षें धारा नाहीं. पुढलीं वीस वर्षें, जमीन निघो वा न निघो, सर्व क्षेत्रावर दर एकरीं चार आणे. तीस वर्षांनंतर आजूबाजूच्या भातजमिनीप्रमाणें आकार. काढलेली जमीन नीट राखली नाहीं व पिकविली नाहीं तर ती परत घेण्याचा हक्क सरकारनें ठेविला होता. भाषा बदलली, पण हा इस्ताव्याचाच कौल होय. फरक शोधावयाचा तर तो ‘निघो वा न निघो’ ह्या शब्दांत आहे. समुद्रापुढें हरलेल्या माणसाकडूनही अकराव्या वर्षीं चार आणे घेणें पेशव्यांच्या कारकुनास जमलें असतें कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे.

येथपर्यंत जें सांगितलें तें सर्व बांध घालण्याचें साहाय्य. आतां राखण्याचें.

उत्तर कोंकणांतील खाऱ्या भातजमिनी शिलोत्री व कुळारग अशा दोन प्रकारच्या असत. कुळारग गांवीं बांधाची दुरुस्ती कुळांनीं आपसांत करावयाची. शिलोत्री गांवीं बाहेरचा बांध राखण्याचें ओझें शिलोत्रदारावर, मग तो कोणी खाजगी गृहस्थ असो कीं प्रत्यक्ष सरकार असो. आणि त्याबद्दल कुळांनीं सरकारी आकाराखेरीज दर बिघ्यामागें एक मण भात द्यावयाचें. त्यास शिलोत्री मण म्हणत. पनवेल तालुक्यांत शिलोत्तर रायचूर ह्या गांवाच्या नांवांत ह्या रिवाजाची खूण आजही दिसते, पण तेथून रोज जाणारांपैकीं किती जणांस ती कळत असेल!

हा मण दिसावयास लहान आहे, पण त्याची घडण फार विचारानें झालेली आहे. तो दर वर्षीं येतो. तो त्याच शेतांतून येतो जें बांधामुळें वांचलें, म्हणून बांध फुटला तर मणही बुडतो व राखणाराचें नुकसान होतें. तो रोकड नसून भात आहे, आणि खांड पडली त्या रात्रीं मजुरांस देण्यास भातच उपयोगी पडतें. तगाईचा अर्ज, मंजुरी व वांटणी ह्यांस जे महिने लागतात तितके समुद्र थांबत नाहीं; कचेरीचें वर्ष ३१ मार्चला संपतें, आणि उधाण तिथीनें येतें. कोठारांत पडलेल्या भातास मात्र मंजुरी लागत नाहीं. शिलोत्रदार मण घेई आणि बांधाकडे पाठ फिरवी असेंही ठिकठिकाणीं घडलें असेल; तसा मोह होण्याजोगाच तो हक्क होता. परंतु तेवढ्यानें पद्धतीचें मर्म नाहींसें होत नाहीं.

ज्या कागदांस आम्ही आरंभीं ‘आंकडे व मजुरांचीं नांवें’ म्हटलें ते ह्या मणाचेच हिशेब असावयाचे. सनद सांगते कीं जमीन कोणास मिळाली. ती कोणीं राखली हें हिशेबच सांगतो.

१८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा ह्यांनीं तगाईस छापील रूप आलें. पैका व्याजानें मिळूं लागला आणि जमीन तारण झाली. विहिरीस ही योजना बरी. विहीर एकाची, शेत एकाचें, तारणही एकाचें. खारबांध चाळीस जणांचा असतो. त्यांतील एकानें कर्ज काढून आपल्यापुरता तुकडा दुरुस्त केला व शेजाऱ्याचा तुकडा फुटला, तर पाणी दोघांच्याही शेतांत शिरतें. व्यक्तीस दिलेलें कर्ज सामायिक बांधास कसें लागू पडावें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या कायद्यांत आम्हांस सांपडलें नाहीं.

इकडे बांधामागील जमिनीच्या पिकावर हक्क कोणाचा हा वाद पेटतच होता. १९३३ ते १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें खोतांविरुद्ध जो संप चालला, त्याचा इतिहास इतरांनीं लिहिला आहे. पुढें १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. तिचा कैवार घेण्याचें आम्हांस कारण नाहीं. मात्र जुना हक्कदार गेला म्हणजे त्याच्या हक्काबरोबर त्याचें कर्तव्यही जातें, आणि तें कोणाच्या खातीं मांडावयाचें हें त्याच दिवशीं ठरवावें लागतें. मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा केला, व महाराष्ट्र शासनानें १९७९ सालीं खारभूमि विकासाचा कायदा केला. ह्यांमुळें पुष्कळ बांध सरकारी योजनेंत आले व त्यांवर सरकारी पैसा खर्च होऊं लागला, ही इष्ट गोष्ट झाली. परंतु ज्याला कुळें आपला बांध म्हणत तो सरकारचा बांध झाला, आणि शिलोत्री मणाची जागा घेईल असें कांहीं गांवांत राहिलें नाहीं.

हें घडतें कसें तें गोमंतकांत अधिक स्पष्ट दिसतें, कारण तेथें जुनी संस्था फार काळ टिकली. गांवकरीच्या चालीरीतींची नोंद अफोंसो मेशिया यानें १६ सप्टेंबर १५२६ च्या फोरालांत केली. खाजणें गांवकरीच्या ताब्यांत असत व बांधाचा खर्च तिच्या सामायिक उत्पन्नांतून निघे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर कसणाराचे हक्क वाढले, व १९७५ च्या नियमांनीं बांध, मानस इत्यादि सामायिक कामांची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. दुरुस्तीच्या खर्चास सरकारी अनुदानाची जोड मिळाली. मानस म्हणजे तिकडील उघाडी. तिच्यापाशीं मासे धरण्याच्या हक्काची पावणी होते, आणि तें उत्पन्न संघास मिळतें. पूर्वीं हें उत्पन्न भातापुढें गौण होतें. पुढें माशांचा भाव चढला, भाताचा त्या मानानें चढला नाहीं, आणि अनेक ठिकाणीं मानसाचीं दारें मासे आंत यावेत म्हणून उघडीं राहूं लागलीं. खारें पाणी शेतांत येऊं लागलें. ज्या दारानें तें बाहेर ठेवावयाचें त्याच दाराच्या पावणीवर बांध राखणारी संस्था जगते, असा हा विलक्षण प्रकार आहे. शिलोत्री मण भाताशीं बांधलेला होता आणि हें उत्पन्न माशांशीं, एवढा एक फरक. पण शेत राहणें न राहणें त्याच्यावर आलें आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळें आमच्या रद्दींतील गठ्ठ्यास आज अकल्पित किंमत आली आहे. बांध फुटून जमीन काहीं वर्षें भरतीखालीं राहिली म्हणजे तींत तिवरें रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या आदेशापासून महाराष्ट्रांत तिवरांच्या तोडीस मनाई आहे, आणि किनाऱ्याच्या रक्षणास तीं हवींत ह्यांत संशय नाहीं. परंतु त्यामुळें एखादी जमीन मूळचें खाजण रान होती कीं तीन पिढ्या भात पिकवून अलीकडे बुडालेली होती, आणि बांध कोणत्या सालीं, कोणाच्या हयगयीनें फुटला, हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिला नाहीं. कुळाच्या जवळ सातबाऱ्याचा उतारा असतो. त्यावर बांधाची हकीकत नसते.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस विनंती कीं, अलिबाग, पेण, पनवेल, रोहें व माणगांव ह्या तालुक्यांतील, तसेंच साष्टी, बारदेश व तिसवाडींतील दप्तरें पाहतांना पुढील कागद, ते कितीही फाटके व बेशिक्क्याचे असले तरी, वेगळे काढून त्यांच्या नकला ठेवाव्या. शिलोत्री मणाच्या सालवार याद्या. खांड बुजविल्याच्या मजुरीचे हिशेब, विशेषतः ज्यांत मजुरांचीं नांवें व तिथि आहे ते. उघाडीच्या झडपेच्या लांकडाची खरेदी. आणि बांधावर घरटी माणूस पाठविण्याविषयीं गांवानें केलेले ठराव. मोडी हिशेबांत खंडी, मण, पायली ह्यांच्या खुणा स्थळपरत्वें बदलतात. म्हणून नक्कल करितांना आंकडा आपल्या समजुतीनें फोडून न लिहितां जसा आहे तसाच उतरावा, आणि कागदाच्या पाठीवर कांहीं लिहिलें असल्यास तेंही उतरावें. सालाचा आंकडा बहुधा तेथेंच असतो.